जोडे बाहेर काढावेत

“आता जे सांगून राह्यलो न बाई, ते तुमी मानणार नाई. कोणीच मानणार नाई. गावात सांगतलं तं गाव हसलं, देवळात सांगतलं तं देवानं तोंड फिरवलं. पर झालं ते झालं,” असं म्हणून भैयाजीने खांद्यावरचा दुपट्टा मांडीवर घेतला आणि खुर्चीत ऐसपैस बसला.

हर्षाने मान वर केली नाही. तिने भैयाजीचा लायनर उजेडासमोर धरला होता. त्यातल्या भोकातून तिला खिडकी दिसत होती आणि खिडकीतून समोरच्या दुकानाची अर्धी पाटी. लायनरमधून पाटी दिसायला नको असते.

लायनर म्हणजे सिलिकॉनचा जाड, मऊ मोजा. ज्याचा पाय गुडघ्याखाली कापलेला आहे त्याने तो उरलेल्या पायावर गुंडाळत वर, थेट मांडीपर्यंत चढवायचा आणि मग कृत्रिम पायाच्या कडक सॉकेटमध्ये पाय घालायचा. हाड आणि सॉकेट यांच्यात गादी हवी, एवढंच त्याचं काम. एवढ्याशा कामात हर्षाची चांगली उमेदीची वर्षं गेली होती. कुठे जाड ठेवायचं, कुठे पातळ, घाम कुठून उतरेल, गुडघा वाकला की मागे चुण्या कशा पडतील, याचा विचार ती जेवतानाही करायची. ताटातली पोळी बोटांत दाबून बघायची आणि मग ती खायची विसरायची.

तिची कामशाळा चंद्रपुरात एका जुन्या आटाचक्कीच्या खोलीत होती. चक्की जाऊन जमाना झाला, तरी भिंती अजून पीठ सोडत होत्या. वारा सुटला की ज्वारीचं, ढग आले की गव्हाचं, असं विनोद शपथेवर सांगायचा. विनोद तिच्यासोबत काम करणारा कारागीर, एटापल्लीकडचा. साचे आणि मिश्रण त्याच्याकडे. सिलिकॉनला धूळ चालत नाही. एक कण गेला की तिथे बुडबुडा, आणि बुडबुड्याच्या जागी पुढे चीर. म्हणून विनोदने दारावर निळ्या रंगात, पार गल्लीच्या टोकावरून वाचता येईल असं लिहून ठेवलं होतं: जोडे बाहेर काढावेत.

ही पाटी सगळ्यांत मनापासून पाळणारा माणूस म्हणजे भैयाजी. तो सावलीजवळच्या गावाहून यायचा, दारापाशी बाकावर टेकायचा आणि कुणी काही म्हणायच्या आत आख्खा पायच काढून भिंतीला उभा करून ठेवायचा. मग विनोदच्या खांद्यावर हात टाकून दुसऱ्या पायावर टुणटुण करत आत. बाकीच्यांना ‘पाय काढून दाखवा’ म्हणून विनवावं लागे; कुणी लाजे, कुणी आधी चहा मागे. भैयाजीचं हर्षाला कौतुक वाटायचं. तपासायला सोपं जावं म्हणून किती समजून वागतो, असं ती विनोदला म्हणायची.

भैयाजीचा पाय मळणीयंत्राच्या पट्ट्यात सापडला, त्याला बराच काळ लोटला होता. खरी हकीकत एवढीच. पण त्याच्या तोंडून ती एवढीच अशी कधी बाहेर पडली नाही.

हा त्याचा तिसरा लायनर. तिन्हींना भोक एकाच जागी, गुडघ्याच्या वाटीवर, अगदी समोर. हर्षाचं डोकं इथेच अडत होतं. भार येतो तो खाली. घासतं ते सॉकेटच्या काठाशी. गुडघ्याच्या वाटीपुढे तर काहीच नसतं, मोकळी हवा. गुडघा सहज वाकावा म्हणून तिने तिथलं सिलिकॉन मुद्दाम पातळ ठेवलं होतं. आणि बरोबर तिथेच, जणू हवेनेच घासून घासून पाडावं तसं भोक.

पहिल्या वेळी भैयाजीने सांगितलं होतं की धानाच्या बांधीत खेकड्याने धरलं. खेकडा केवढा, तर दुसऱ्या नांगीत त्याने भैयाजीचाच विळा धरला होता आणि तो द्यायला तयार नव्हता. दुसऱ्या वेळी सुतारपक्षी. भैयाजी झाडाखाली पाय पसरून झोपला, पक्ष्याला वाटलं वाळकं लाकूड. ही गोष्ट हर्षाने तिथल्या तिथे उडवून लावली असती, पण सॉकेटच्या तळाशी खरोखरच एक लहानसं तपकिरी पीस चिकटलेलं निघालं. तेव्हापासून ती भैयाजीला खोटारडा म्हणताना जराशी अडखळायची. विनोदने तर ते पीस टेबलाच्या काचेखाली जपून ठेवलं होतं.

या वेळी मात्र गोष्ट भोकावर थांबली नव्हती. लायनर उतरवला तेव्हा गुडघ्याच्या वाटीवर काळाकुट्ट, जाड घट्टा दिसला आणि घट्ट्याच्या मधोमध ओली जखम. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, ही जखम आत जाऊन हाडाला लागली तर पाय पुन्हा कापावा लागेल, आणि या खेपेला गुडघ्याच्या वरून.

“गुडघा गेला तं काय होते?” भैयाजीने हर्षालाच विचारलं होतं.

“गुडघा असलेला पाय आणि नसलेला पाय, यांत फार फरक आहे, भाऊ. चिखलात उतरणं, बांध चढणं, बसणं-उठणं, सगळं गुडघ्यावर.”

“म्हंजे दरवाज्याचा कब्जाच गेला, बिजागरी. मंग दरवाजा फकस्त भिंतीले टेकवून ठेवायचा,” असं म्हणून तो हसला होता, आणि ओळख झाल्यापासून पहिल्यांदाच त्याने पुढे गोष्ट जोडली नव्हती.

म्हणून आजचा लायनर चुकून चालणार नव्हतं, आणि मुळात काय चुकतंय ते कळल्याशिवाय तो बरोबर होणार नव्हता. डोकं खाजवून हर्षाने एक कारण ठरवलं होतं. भैयाजी उकिडवा बसत असणार, तेव्हा सॉकेटचा पुढचा काठ वर सरकत असणार आणि तोच गुडघ्याला खात असणार. भैयाजीच्या पायावरून घेतलेला प्लास्टरचा पाय साच्याच्या मधोमध उभा होता; तिने तो काठाच्या रेषेत घासून बारीक केला होता. प्लास्टर जितकं कमी, तितकं तिथे सिलिकॉन जास्त. गुडघ्यासमोर तिने हात लावला नव्हता. तिथे पातळच.

तरी तिचं मन पुरतं मानत नव्हतं. आल्यापासून ती भैयाजीला आडून-पाडून विचारत होती. लायनर हा शब्द त्याला कधी रुचला नाही, तो मोजाच म्हणायचा. म्हणून त्याच्याशी बोलताना तीही.

“मोजा किती वेळ घालता, भाऊ?”

“दिसभर. तुमीच सांगतलं न, दिसभर काढू नका म्हून. सकाऊन चढवतो, झोपाले जाताना उतरवतो.”

“रोज धुता?”

“हिले इचारा,” भैयाजीने बाजूला बसलेल्या बायकोकडे हनुवटी केली. “तोंडाले लावत नाई तेवढी साबण मोज्याले लावतो.”

“आणि घरात असताना?”

“घरात बी मोजा हाय न. फकस्त जोडा काढतो.”

“हो, घरात जोडा कोण घालतं,” हर्षा म्हणाली. तिच्या डोळ्यांसमोर रबरी पावलातली चप्पल आली, दारात काढून ठेवलेली, आणि ती पुढच्या प्रश्नाकडे वळली. “उकिडवे बसता का?”

“बसतो न. मानूस हाय, ताडाचं झाड थोडी हाय.”

हर्षाने विनोदकडे पाहिलं. विनोदने मान हलवली. कारण पक्कं झालं.

बाजूच्या स्टुलावर भैयाजीची बायको चंदाबाई मांडीवर डब्याची पिशवी धरून बसली होती. ती पहिल्यांदाच सोबत आली होती. हलका, म्हणजे लवकर पिकणारा धान कापणीला आला होता आणि पाय चालता झाल्याशिवाय नवऱ्याला परत न्यायचं नाही असं ठरवूनच ती बसमध्ये चढली होती. आल्यापासून ती एवढंच बोलली होती की इथली फरशी बरी आहे, सारवावी लागत नाही.

हर्षाने सिलिकॉनच्या तीन चकत्या भैयाजीच्या हातात दिल्या. कमी-जास्त मऊ. त्याने डोळे मिटून एकेक दाबून पाहिली.

“हा बकरीचा कान. हे म्हशीची कास. अन् हे...” तिसरी त्याने जरा जास्तच वेळ दाबली. “हे आमच्या सरपंचाचा शब्द. जिकडं दाबला तिकडं जाते.”

“मग काय घेऊ?”

“कास घ्या बाई. भरवशाची असते.”

विनोदने कास मोजून घेतली. दोन डब्यांतले दोन भाग एकत्र केले, हलवले आणि भांडं हवा खेचणाऱ्या काचेच्या पेटीत ठेवलं. मिश्रण तापल्या दुधासारखं वर आलं, त्यातले बुडबुडे फुटू लागले. ते संपेपर्यंत थांबायचं आणि मग वेळ न दवडता साच्यात ओतायचं. रेंगाळलं तर ते भांड्यातच गोठून बसतं. तेवढा वेळ हातात काम नसतं. आणि काम नसलेल्या वेळात भैयाजीला गप्प बसवणारा माणूस आख्ख्या जिल्ह्यात अजून जन्मलेला नव्हता.

“तं अस्वल,” भैयाजी म्हणाला.

“या टायमाला अस्वल आहे काय?” विनोदने स्टूल जवळ ओढलं.

“घट बसले त्याच्या दुसऱ्या रोजीची गोष्ट. आमच्या बांधाले सीताफळाची झाडं हायत. म्हटलं दोन-चार तोडून आणू, हिले आवडते. मोजा तं होताच, जोडा घातला अन् निंघालो. तिथी जाऊन पायतो तं पह्यलेच गिऱ्हाईक बसलं हाय. काळं. केसायचं. फळ फोडून राह्यलं अन् बिया अशा बाजूले थुकून राह्यलं, एखाद्या मास्तरावानी.”

“अस्वल बिया थुकते?”

“शिकलेलं असन. मी म्हटलं रामराम. त्याले वाटलं मी वाटा मागून राह्यलो. आलं न धावत. मी पलटलो, तं त्यानं मांगून येऊन धरला मोजा.”

“मागून?” हर्षा म्हणाली. “भोक समोर आहे, भाऊ.”

भैयाजीने तिच्याकडे पाहिलं. फक्त पापणी लवेपर्यंत.

“आलं मांगून. धरलं सामोरून. चक्कर मारून आलं. अस्वलाच्या जातीत पाठीवर वार करत नाईत.”

“आणि पाय सुटला नाही?”

“सुटन कसा? तुमचं काम हाय बाई, गच्च. म्या मोहाच्या झाडाले मिठी मारली. आता पाहा, मी झाडाले, पाय मोज्यात, मोजा अस्वलाच्या दातात. ते मांगं सरकलं. मोजा ताणला. अजून सरकलं, अजून ताणला. बांधी गेली, बोडीचं पाणी ओलांडलं, ते पाटलाच्या वावरात शिरलं. तिथी बाया काम करत होत्या. त्या म्हणते, भैयाजी, तुमचा मोजा आमच्या डोक्शाले लागून राह्यला, जरा वर धरा. मी अस्वलाले आवाज देल्ला, वर धर बाप्पा, बाया हायत. त्यानं धरला.”

विनोद मान खाली घालून हसत होता. हर्षा भोकाच्या कडेवरून बोट फिरवत होती. दाताने फाटलेलं सिलिकॉन तिने पाहिलं होतं. एका पेशंटच्या कुत्र्याने तिला तेही शिकवलं होतं. तिथे कडा चिरलेल्या असतात. इथे तसं नव्हतं. जुन्या सदऱ्याचं कोपर विरतं तसं हे विरलं होतं, भोकाच्या चहूबाजूंनी हळूहळू पातळ होत आलेलं. त्या पातळ जागेत काहीतरी हिरवट, करडं, बारीक रुतून बसलं होतं. चिखल, ती मनाशी म्हणाली. शेतकऱ्याच्या पायाला चिखल असायचाच.

“मंग ताण एवढा झाला का मोजा वाजाले लागला. एकतारीवानी. गावातले म्हातारे उठून बसले, म्हणते भजन कुठी हाय. अन् तेवढ्यात अस्वलाले आली शिंक.”

“काऊन?” आता विनोदही त्याच्याच बोलीत आला होता.

“बी. साऱ्या थुकल्या, एक नाकात राह्यली. ते शिंकलं, दात सुटले, अन् मोजा आला वापस. गोफणीतून गोटा सुटते तसा मी सुटलो. मोहाचं झाड बी थोडं दूर आलं संगं, मंग मीच म्हटलं, तू राय, तुले फुलं द्यायची हायत. खाली पायतो तं वैनगंगा. मासे वर पाहून राह्यले. अन् उतरलो कुठी? सावलीच्या स्टँडवर, उभ्या बसमंदी, खिडकीच्या सीटवर. कंडक्टर म्हणते, कुठून बसले? म्हटलं, अस्वलापासून. तो म्हणते, तो थांबा या गाडीले नाई.”

विनोद पेटीकडे बघायचं विसरला होता. हर्षाने काचेवर टकटक केलं. वर आलेलं मिश्रण खाली बसलं होतं आणि बुडबुडे जवळपास संपले होते.

“म्हून भोक,” भैयाजीने दुपट्टा परत खांद्यावर टाकला. “दाताचं. तुमच्या मोज्याची चूक नाई. मी तं साऱ्या गावाले सांगतो, एवढा ताणला तरी तुटला नाई.”

हर्षाने लायनर टेबलावर ठेवला.

“भाऊ, तुमच्या गोष्टी मला आवडतात. पण हे एकदा ओतलं की बदलता येत नाही. मी काठापाशी जाड केलंय आणि गुडघ्यापुढे पातळ ठेवलंय. माझं चुकलं, तर पुढच्या खेपेला तुम्ही भोक दाखवायला नाही येणार. ऑपरेशनची तारीख घेऊन याल. म्हणून विचारते, भोक कशाने पडतं?”

भैयाजीने तिच्याकडे पाहिलं, मग त्या भोकाकडे. त्याचा हात नकळत गुडघ्याच्या पट्टीवर गेला. तो काहीतरी आठवायचा प्रयत्न करतो आहे असं हर्षाला वाटलं. मग त्याच्या मिशा हलल्या आणि तिला कळलं की आठवण्याचा प्रयत्न संपला.

“मी खोटं बोलन काय? हे बसली हाय न साक्षीले. हिले इचारा. हे दारात उभी राहून पाहून राह्यली होती. अस्वलाचे दात पायले अन् तिथीच बेहोश पडली. चुलीवरचा भात जळला त्या रोजी, पार कोयसा. इचारा.”

विनोदने पेटी उघडली, भांडं बाहेर काढलं आणि साच्याच्या तोंडाशी नेलं. हर्षाने मान डोलावली. त्याने भांडं कलतं केलं. मिश्रण संथपणे काठाकडे यायला लागलं.

“भात जळला नाई,” चंदाबाई म्हणाली.

विनोदचा हात थांबला.

“माह्या हातून भात जळत नाई, बाई. अन् हे खोटं बोलून राह्यले. अस्वल नाई, सीताफळ नाई, त्या रोजी हे वावरात गेलेच नाई. जातीन कसे? ह्यायचा जोडा दाराबाहेर चपलांपाशी उभा होता, तुमच्या इथी ठेवते तसाच. शेणामातीत जाणारा रबराचा पाय मी सारवल्या घरात येऊ देत नाई. तं त्याच्या वरच्या खड्ड्यात आमची तपकिरी कोंबडी अंडं द्यायले बसली, मांगच्या खेपेले बी बसली होती, अन् उठाले तयार नाई. मंग हे दिसभर घरातल्या घरात नुसत्या मोज्यावर फिरले, गुडघ्यानं, चुलीपासून धानाच्या कोठीपर्यंत, जसे रोजच फिरते.”